मात्सुमोतो : गावकऱ्यांनी वाचवलेला किल्ला

विद्यार्थी मित्रांनो, जपानच्या नकाशात नागानो प्रांत शोधा. याला समुद्रकिनारा अजिबात नाही. उंच डोंगरांच्या मधल्या सपाट खोऱ्यात मात्सुमोतो हे शहर वसलंय. आज आपण या गावाची ओळख करून घेऊया.

जोकामाची म्हणजे काय?

जपानीत 'जो' म्हणजे किल्ला, 'का' म्हणजे खाली आणि 'माची' म्हणजे गाव किंवा पेठ. किल्ल्याच्या आश्रयाने वसलेलं गाव ते जोकामाची. (आपल्या राजगडाच्या माचीशी या शब्दाचा संबंध नाही हं, फक्त उच्चार सारखा!)

अशा गावात कोणी कुठे राहायचं हे ठरलेलं असे. मध्ये सरदाराचा किल्ला, त्याभोवती पाण्याचे खंदक, जवळ सामुराई योद्ध्यांची घरं आणि मुख्य रस्त्यालगत व्यापारी व कारागीर. रस्ते मुद्दामच वाकडे केलेले असत. का बरं? शत्रू आत घुसला तरी त्याला सरळ किल्ल्यापर्यंत धावत जाता येऊ नये म्हणून!

युद्धासाठी बांधलेला, शांततेत सजलेला

इथल्या जुन्या किल्ल्याचं नाव फुकाशी. १५५० मध्ये ताकेदा शिंगेन याने तो प्रदेश जिंकला. १५८२ मध्ये ओगासावारा घराण्याने तो परत मिळवला आणि 'मात्सुमोतो' हे नाव दिलं. १५९० मध्ये इशिकावा काझुमासा इथे आला. त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या काळात, १५९३-९४च्या सुमारास, आजचा मुख्य बुरूज उभा राहिला असं मानलं जातं.

हा बुरूज लाकडी आहे. उंची सुमारे ३० मीटर. बाहेरून पाच मजले दिसतात, पण आत सहा आहेत! एक मजला बाहेरून कळूच नये अशी रचना आहे. भिंतींना बाण आणि बंदुकांसाठी झरोके आहेत, जिने अतिशय उभे. भिंतींचा खालचा भाग काळ्या रोगणाच्या फळ्यांचा, म्हणून लोक याला 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात.

पुढे १६३०च्या दशकात, लढाया थांबल्यावर, शेजारी एक छोटी इमारत जोडली गेली. तिला झरोके नाहीत, लाल कठडा आहे. ती कशासाठी? तर चंद्र बघण्यासाठी! एकाच किल्ल्यात युद्ध आणि शांतता शेजारी शेजारी उभी आहेत.

शेतकऱ्यांचं दुःख

पण शांतता सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. १६८६ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी जड कराविरुद्ध उठाव केला. त्यांचा पुढारी होता तादा कासुके. त्याच्यासह २८ जणांना मृत्युदंड दिला गेला. पुढे बुरूज एका बाजूला कलला, तेव्हा लोक म्हणू लागले, "हा कासुकेचा शाप!" खरं कारण वेगळं होतं. दगडी चौथऱ्याच्या आत बुरुजाचा भार पेलणारे लाकडी खांब कुजले होते. शाप खरा नव्हता, पण अन्याय खरा होता, आणि लोक तो विसरले नव्हते.

किल्ला लिलावात!

मेजी काळात सरदारांची सत्ता संपली. १८७२ मध्ये बुरूज लिलावात विकला गेला. आता तो पाडला जाणार हे नक्की होतं. तेव्हा गावातला एक पुढारी, इचिकावा र्योझो, पुढे आला. त्याने सरकारकडे मुदत मागितली, किल्ल्यातच प्रदर्शनं भरवली आणि त्या पैशांच्या मदतीने बुरूज परत मिळवला.

तरीही बुरूज कललेलाच होता. मग तिथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी गावाला एकत्र केलं. १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षं दुरुस्ती चालली. हो, एका शिक्षकाने किल्ला सरळ उभा केला!

याच गावाने १८७६ मध्ये काइची शाळेची सुंदर इमारत बांधली. बहुतांश खर्च लोकवर्गणीतून झाला. १८८८च्या मोठ्या आगीनंतर नाकामाची पेठेतल्या व्यापाऱ्यांनी जाड भिंतींची, काळ्या-पांढऱ्या नक्षीची कोठारं बांधली. तीही आज टिकून आहेत. आता किल्ला आणि ती शाळा, दोन्ही जपानचा राष्ट्रीय ठेवा आहेत.

आपण काय शिकलो?

किल्ला बांधला सरदाराने, त्याचा भार सोसला शेतकऱ्याने आणि तो वाचवला गावकऱ्यांनी. मग तो खरा कोणाचा?

विचार करा आणि लिहा

१. जोकामाचीतले रस्ते वाकडे का असत?
२. बुरूज कलण्याचं खरं कारण कोणतं? तरी शापाची गोष्ट लोकांना का पटली असेल?
३. तुमच्या गावातली कोणती जुनी वास्तू पडायला आलीय? ती वाचवायची तर पहिलं काम कोणतं कराल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नुसतं लिहून थांबू नका, घरी मोठ्यांशीही बोला.