शिवणाशिवाय बाळाचं पांघरूण

प्रश्न : धाकट्या बहिणीला बाळ होणार आहे. मला शिवता येत नाही, तरी हातानं केलेलं पांघरूण द्यायचंय. काय करू?

उत्तर : फ्लीसचं करा. सुती कापडाच्या कापलेल्या कडेचे दोरे सुटतात, फ्लीसचे सुटत नाहीत. त्यामुळे कड दुमडून शिवावी लागत नाही. १-१ मीटरचे दोन तुकडे आणून धुऊन घ्या. उलट्या बाजू आत ठेवून एकावर एक पसरा. कोपऱ्यांतून ८ सेंटीमीटरचे चौकोन कापून टाका, मग चारही कडांना तेवढ्याच खोल, अडीच सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. वरची नि खालची पट्टी धरून दोन गाठी मारा. करकचून ओढलीत तर चुण्या पडतात. कापड सपाट राहील इतपतच ओढा. उरलेली टोकं आखूड करा, त्यांत बोटं अडकतात.

फ्लीस बहुधा पॉलिएस्टरचं असतं, आगीजवळ वितळतं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरीची शेगडी असेल तर ते लांबच ठेवायला सांगा. आणि कळकळीनं सांगते, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सुटं पांघरूण घालू नये. तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. तोवर ते जमिनीवर अंथरा, बाळ जागं असताना त्यावर खेळेल.