तुलना करायचीच असेल तर

सहामाहीचे पेपर हातात पडले की वर्गात एकच प्रश्न फिरतो, ‘तुला किती?’ घरी आलं की दुसरा, ‘आणि वर्गात जास्तीत जास्त कुणाला?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन झाली की तुझा पेपर दप्तराच्या तळाशी जातो. तो नीट वाचावा असं कुणालाच वाटत नाही, तुलासुद्धा. मला आज त्या पेपरबद्दलच बोलायचंय तुझ्याशी. नववीत आहेस, दहावीला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच.

मार्क कमी पडल्याचं दुःख खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. गणित भाग एकला 40 पैकी 17 आले की पोटात कालवतंच, आणि शेजारच्या बाकावर 36 असले की जास्तच. रड थोडी, हरकत नाही. पण त्या 17 मधून तुला काय कळलं? उरलेले 23 कुठे गेले, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं आतल्या पानांवर, लाल शाईत.

तर पेन्सिल घे आणि जिथे जिथे मार्क कापलेत तिथे समासात दोन-तीन शब्दांत कारण लिही. ‘रीतच माहीत नव्हती.’ ‘चिन्ह चुकलं.’ ‘प्रश्न अर्धा वाचला.’ ‘वेळ संपला.’ बघ, तुझ्या चुका वाटतात तितक्या नाना प्रकारच्या नसतात. त्याच त्या तीन-चार पुन्हा पुन्हा येतात. एकसामयिक समीकरणं घे. एक समीकरण दुसऱ्यातून वजा करताना प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं असतं. तू डावीकडची दोन्ही बदलतेस आणि उजवीकडची संख्या तशीच राहते. पुढची रीत बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर मात्र चूक. याला ‘मला गणित येत नाही’ म्हणायचं का? मुळीच नाही. तुला एक चिन्ह बदलायचं लक्षात राहत नाही, आणि ते लक्षात ठेवायला शिकता येतं. भूमितीत तू सिद्धतेतली विधानं लिहितेस, पण समोर कंसात कारण लिहीत नाहीस. विज्ञानात उत्तर काढून एकक विसरतेस. इतिहासात ‘कारणे लिहा’ म्हटलेलं असतं आणि तू त्या घटनेची पाठ केलेली सगळी माहिती लिहून येतेस. कारण त्यात असतं, पण शोधावं लागतं.

आता पुढच्या चाचणीला आधी बेरीज बघू नकोस. वजाबाकीतली ती चिन्हाची चूक या वेळी झाली का, एवढंच बघ. झाली नसेल तर तू पुढे गेलीस, मग मार्क 17 चे 21 च का झालेले असेनात. तुलना करायचीच तर तुझ्या मागच्या पेपरशी कर. तो तुझ्याच हातचा आहे, त्याचा तपशील तुला माहीत आहे. मैत्रिणीचे 36 कशातून आले, ते तुला कुठे ठाऊक आहे?

अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही एक सांगते, कारण इथे मेहनती मुलींचाच जास्त घात होतो. धडा चार वेळा वाचला की सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘मला आलं’ असा विश्वास बसतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून मग तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के मजकूर आठवला, नुसता वाचणाऱ्यांना 40. म्हणून धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, रफ वहीत आठवेल ते लिही, मग उघडून बघ काय राहिलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच कर. सुरुवातीला काही आठवत नाही आणि फार वैताग येतो. तेव्हा सोडू नकोस. आठवायला जे कष्ट पडतात, त्यांनीच ते पक्कं होतं.

‘माझं डोकंच तसलं नाही गं ताई,’ हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकवत नाही. रमाबाई रानडे 1873 साली लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. न्यायमूर्ती रानडे रोज शिकवायचे आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून टोमणे मारायच्या. तशात त्या मराठी शिकल्या, मग इंग्रजी शिकल्या. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि 1910 मध्ये त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झालं. ते आजही वाचलं जातं. आपल्याहून आधी अक्षरं शिकलेल्या माणसांशी त्या स्वतःला मोजत बसल्या असत्या तर पहिल्याच महिन्यात पाटी खाली ठेवली असती.

मात्र एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. मनापासून अभ्यास करूनही वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, फळ्यावरून उतरवून घेताना रोज शब्द गळत असतील, तोंडी सगळं येऊनही लिहिता येत नसेल, तर तो आळस नाही. आधी डोळे तपासून घे. तरी तेच राहिलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला आईबाबांना सांग. तसं प्रमाणपत्र असेल तर आपलं बोर्ड परीक्षेत वाढीव वेळ आणि इतर सवलती देतं. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि उशीर केला तर नुकसान तुझंच होतं.

आईबाबा तुलना करायचे थांबतील, असं वचन मी देऊ शकत नाही. त्यांना धास्ती असते, आणि तुझ्या अभ्यासाची प्रगतिपुस्तकाखेरीज दुसरी काही खूण त्यांच्या हाती नसते. ती तू दे. दोन पेपर शेजारी शेजारी ठेव आणि दाखव, ‘या चुका होत्या, यांतल्या या गेल्या, ही अजून राहिली आहे.’ असं कुणी समोर बसून सांगितलं की मोठी माणसंही ऐकतात.

आणि बाईंना विचारायला घाबरू नकोस. ‘मला मार्क कमी का दिलेत’ असं नको. ‘या उत्तरात आणखी काय लिहायला हवं होतं’ असं विचार. शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार आवडतो, आणि वर्गात तो विचारणारं सहसा कुणी नसतं. उद्या मधल्या सुट्टीत पेपर घेऊन जा त्यांच्याकडे.