सरड्याचे घर : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पावसाळ्याच्या तोंडावर लाल गळ्याचा सरडा कुंपणावर मान डोलावू लागला की एखादा विद्यार्थी तो पकडतो, बाटलीत घालतो व मोठ्या हौसेने वर्गात आणतो. झाकणाला भोके पाडलेली असतात. आत चार पाने व थोडी भाताची शिते टाकलेली असतात. दोनतीन दिवसांत सरडा मरतो. अशा वेळी मुलावर रागावणे सोपे असते. परंतु ज्या जिज्ञासेने त्याने सरडा आणला, तीही त्या रागाने मरते. बाटलीत कशाची उणीव होती, हे मुलांना स्वतः शोधू देणे, हा ह्या पाठाचा उद्देश आहे.

शिक्षकांसाठी माहिती

सरडा, साप, कासव, मगर हे सरपटणारे प्राणी होत. मनुष्य किंवा गाय यांच्याप्रमाणे त्यांचे शरीर आपली ऊब स्वतः राखीत नाही. ती बाहेरून मिळवावी लागते. म्हणून सरडा सकाळी उन्हात अंग शेकतो आणि अंग तापले की सावलीत जातो. पुरेशी ऊब न मिळाल्यास खाल्लेले अन्नही त्यास नीट पचत नाही. शिवाय, उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे हाडे बळकट होतात. साध्या काचेतून हे उपयोगी किरण आत येत नाहीत. बंद बाटली उन्हात ठेवली तर आतील हवा मात्र तापते, आणि सरड्याला पळावयास सावली नसते.

हे मर्म ओळखून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नवे घर उघडण्यात आले. त्याची योजना जोन प्रॉक्टर ह्या विदुषींनी केली होती. बालपणापासून सरडे व साप पाळणाऱ्या जोनबाई आयुष्यभर आजारी असत. १९३१ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्या निवर्तल्या. एकाच निवाऱ्यात एक जागा उष्ण व दुसरी थंड राहावी, अशी विजेची व्यवस्था त्यांनी करविली. अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसविली. खडकांची रचना केली. निवारा सुंदर दिसावा एवढाच त्यांचा हेतू नव्हता. ऊन की सावली, उघडी जागा की आडोसा, ही निवड प्राण्याच्या स्वाधीन असावी, हा होता.

पाठाचा क्रम

१. वर्गात सरडा आला असल्यास प्रथम तो जेथे पकडला त्याच कुंपणावर, त्याच मुलाच्या हातून सोडवावा. बाटली मात्र ठेवून घ्यावी.

२. रिकाम्या बाटलीत प्रयोगशाळेतील तापमापक ठेवून झाकण लावावे व ती १५ मिनिटे उन्हात ठेवावी. दुसरा तापमापक झाडाच्या सावलीत ठेवावा. दोन्ही आकडे मुलांनी फळ्यावर लिहावे. ताप पाहण्याचा तापमापक ह्या कामी घेऊ नये. तो फुटण्याचा संभव असतो.

३. आठवडाभर सकाळी, दुपारी व शाळा सुटताना कुंपणावरील सरडा दुरून पाहावा. ‘वेळ’, ‘ऊन की सावली’ आणि ‘काय करीत होता’ असे तीन रकाने वहीत आखावे.

४. शेवटी एका परातीत माती, वाळू, दगड, काटक्या व पाण्याची उथळ वाटी मांडून सरड्याचे घर तयार करावे. त्यात मातीचा सरडा ठेवावा. सकाळी, भर दुपारी व रात्री तो कोठे जाईल, हे प्रत्येक गटाने दाखवावे. जेथे उत्तर सापडणार नाही, तेथे घर अपुरे आहे असे समजून मुलांनीच ते सुधारावे.

सावधगिरी

दगडांच्या सांदीत किंवा बिळात कोणीही हात घालू नये. साप दिसल्यास मुलांस दूर न्यावे व वन विभागास कळवावे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले कासव किंवा घोरपड पकडणे वा पाळणे, हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. असे कासव गावात कोणाच्या घरी असेल, तर मुलांकरवी चौकशी करवू नये. शिक्षकांनी स्वतः वन विभागाचा सल्ला घ्यावा.

पाठाअंती विचारावयाचे प्रश्न

१. बाटलीत भोके होती, अन्नही होते. तरी काय नव्हते?
२. कुंपण व बाटली यांपैकी सरड्याला निवड कोठे करता येते?
३. शाळेचे कुंपण तोडून भिंत बांधली, तर सरड्याचे काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये. ज्या मुलाने सरडा बाटलीत आणला होता, त्यालाच ते प्रथम विचारावे.