पळींज दिसण्याआधीची कामे: भाताचा पिवळा खोडकिडा

भात निसवले की खाचरात मधूनच काही लोंब्या ताठ आणि पांढऱ्याफटक उभ्या दिसतात. भरलेल्या लोंब्या वाकतात, या वाकत नाहीत, कारण आत दाणाच नसतो. ही पळींज. ती दिसल्यावर औषधाचा पंप काढला जातो आणि तो खर्च पूर्ण वाया जातो. अळी खोडाच्या आत असते, लोंबीकडे जाणारा अन्नरस तिने तोडलेला असतो आणि रिकामी लोंबी पुन्हा भरत नाही. या किडीवर घाव घालायच्या जागा दोनच: पानावरचे अंडे आणि कापणीनंतरचे धसकट. सगळी मेहनत तिथे लावायची.

आधी पतंग ओळखायला शिका. पिवळा खोडकिडा हा गवती पतंगांच्या मोठ्या कुळातला. मादीचे पुढचे पंख पिवळे असून प्रत्येकाच्या मध्यावर एकच ठसठशीत काळा ठिपका असतो, पोटाच्या टोकाला केसांचा झुपका असतो. नर लहान आणि तपकिरी, त्याचे ठिपके पुसट. मादी पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते आणि पोटाचे केस त्यावर पसरते, त्यामुळे पुंजका मातकट पिवळा, लोकरीसारखा दिसतो. आठवड्याभरात अळ्या निघतात, धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या चुडांवर जातात आणि एकेक करून खोडात शिरतात. आपल्या हातात आहे तो एवढाच आठवडा.

पहिले काम रोपवाटिकेत. लावणीसाठी रोपे उपटताना पानांवरचे पुंजके बघा. दिसले तर जुडी बांधल्यावर शेंड्याकडची तीन-चार बोटे पाने विळ्याने छाटून टाका. पुंजके शेंड्याकडेच असल्याने एका छाटणीत बरीचशी कीड खाचरात जाण्याआधीच संपते. पैसा लागत नाही, तरी हे काम सर्वांत जास्त टाळले जाते, याचे वाईट वाटते. ज्या भागात जिवाणूजन्य करपा येतो तिथे मात्र छाटू नका. कापलेल्या पानातून तो रोग शिरतो. तिथे पुंजके हातानेच वेचावेत.

लावणीनंतर नत्र एकदम देऊ नका, तीन हप्त्यांत विभागून द्या. युरिया जास्त झालेल्या गर्द हिरव्या, लुसलुशीत पिकावर ही कीड अधिक येते. पुढच्या पंधरवड्यात हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सापळा पिकाच्या थोडा वर राहील असा बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. गोळी वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीत बदला. यात फक्त नर सापडतात. पतंग कधी वाढू लागले ते कळावे एवढ्यासाठी हे ५ सापळे. नर पकडून कीड कमी करायची असेल तर हेक्टरी २० लागतात.

आता मोजणी. आठवड्यातून एकदा सकाळी खाचरात तिरके चालत जा आणि वाटेत येतील ते २० चूड तपासा, खराब दिसणारे निवडून घेऊ नका. प्रत्येक चुडाचे एकूण फुटवे मोजा आणि त्यातले मधला पोंगा सुकलेले फुटवे वेगळे मोजा. पोंगा धरून ओढा. खोडकिडा असेल तर तो सहज हातात येतो आणि तळाशी कुरतडलेला दिसतो. याला गाभेमर म्हणतात. पोंग्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी आली असेल तर ती गादमाशी, तिचा या पतंगाशी संबंध नाही. समजा २० चुडांत २४० फुटवे भरले, तर १२ गाभेमर म्हणजे ५ टक्के. एवढे झाले, किंवा दर चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसू लागला, की हालचाल करायची. त्याच्या आत असाल तर औषध नको. भात फुटव्यांच्या काळात थोडी गाभेमर नवे फुटवे काढून भरून काढते.

पुंजके दिसू लागताच ट्रायकोकार्ड लावा. खोडकिड्यासाठी ‘ट्रायकोग्रामा जापोनिकम’ हीच जात मागा. हेक्टरी ५० हजार ते १ लाख परजीवी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस टाचा आणि खाचरभर विखुरलेल्या ठेवा, कारण ही इवली गांधीलमाशी फार लांब उडत नाही. कार्डावरची अंडी तांदळातल्या पतंगाची असतात, म्हणजे खोडकिड्याच्या जवळच्याच कुळातली. कार्ड लावल्यावर फवारणी केली तर आधी हेच मित्र मरतात.

मर्यादा ओलांडली असेल तर कृषी सहायकाला विचारून दाणेदार औषध घ्या. खाचरात दोन-तीन बोटे पाणी ठेवा आणि ते काही दिवस बाहेर जाऊ देऊ नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे भातात मारू नका, त्यांनी तुडतुडे उसळतात.

भाऊबंदही ओळखून ठेवा. सोनेरी पंखांवर गडद नागमोडी रेघा असलेला पतंग पाने गुंडाळणाऱ्या अळीचा. तिने पांढरे केलेले पान बघून घाबरायला होते, पण पहिल्या महिन्याभरात भात त्यातून सावरतो. पाण्यावर पानांच्या सुरळ्या तरंगत असतील तर ती सुरळीतील अळी. खाचर दोन-तीन दिवस कोरडे केले की ती हटते. उसातली शेंडे कीड तर पिवळ्या खोडकिड्याची सख्खी बहीण. तिचा पतंग पांढरा, पण तीही अंडी केसांनी झाकते, आणि तिथेही पुंजके वेचणे हाच चांगला उपाय.

शेवटचे काम कापणीचे. भात पिकता पिकता अळ्या खोडात खाली उतरतात आणि जमिनीलगतच्या बुडख्यात राहतात. वीतभर बुडखा ठेवून कापले तर पुढच्या हंगामाची कीड शेतातच राहिली. विळा जमिनीला टेकवून कापा आणि ओल आहे तोवर नांगरून धसकटे वर काढा, म्हणजे उन्हात अळ्या मरतात. वाल किंवा चवळी करणार असाल तर ही नांगरट तशीही होतेच. हा पतंग जवळपास फक्त भातावर जगतो, म्हणून धसकट गेले की त्याचा आसरा जातो. जिथे वायंगणी भात घेतात तिथे हे काम दोनदा करावे लागते.

एकट्याने नांगरून उपयोग थोडाच, शेजारच्या खाचरातले पतंग लावणीनंतर पुन्हा येतात. तेव्हा यंदा कापणीआधीच वाडीतल्या सगळ्यांशी बोला आणि धसकटे काढायचा आठवडा एकच ठरवा.