अकाली हृदयविकार आणि शरीरातील पहारेकरी

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास आपण सारेच जातो. तथागत व बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी कालकथितांचा फोटो ठेवलेला असतो. पूर्वी तो बहुधा पिकल्या केसांच्या माणसाचा असे. अलीकडे मात्र चाळिशीतल्या, कधी त्याहूनही तरुण चेहऱ्यासमोर मेणबत्ती लावण्याची वेळ येते. “काल रात्रीपर्यंत चांगला होता, ॲटॅक आला,” एवढेच घरचे सांगतात. जमलेल्यांपैकी कोणी म्हणतो टेन्शन, कोणी म्हणतो तेलकट खाणे, आणि उरलेले म्हणतात नशीब!

नशीब हे उत्तर आपल्याला शोभणारे नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे प्रतीत्यसमुत्पादाने आपल्याला शिकविले. मागील जन्मीच्या कर्माचे फळ ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. तेव्हा कारण शोधणे हे आपले काम आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. परंतु जे वाचले व समजून घेतले, ते सभासदांसाठी आणि विशेषतः विद्यार्थ्यांसाठी सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

रोग केव्हा सुरू होतो?

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातील माहितीवरून २००७ साली असे दिसून आले की, भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. म्हणजे आपल्याकडे सहा वर्षे आधी. आणि रोगाची सुरुवात तर त्याच्याही पुष्कळ आधी होते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय २२ होते, तरी चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या.

पहारेकरी कोण?

बोटाला काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. यास दाह म्हणतात. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलात काटा टोचून पाहिला, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. बाहेरून आलेल्या शत्रूला गिळणाऱ्या या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी. या कार्याबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे पहारेकरी नसते, तर साध्या जखमेनेही माणूस दगावला असता.

धमनीत काय घडते?

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना आतून अत्यंत नाजूक अस्तर असते. तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब व वाढलेली साखर यांनी ते दुखावते. मग रक्तातील एलडीएल नावाचे घातक कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरून साचते व तेथे बिघडते. पहारेकरी पेशींना ते परके वाटते. त्या धमनीच्या भिंतीत घुसून ते गिळू लागतात. गिळून गिळून त्या फुगतात, फेसाळ दिसू लागतात आणि तेथेच मरतात. त्यांच्या हाकेने आणखी पेशी येतात. काटा काढला की बोटाचा दाह थांबतो. येथे मात्र काटा रोज नव्याने रुतत असल्यामुळे दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

या साठ्यावर शरीर एक टोपण तयार करते. परंतु त्याच पेशींतून निघणारी पाचक द्रव्ये हे टोपण आतून कुरतडतात. एके दिवशी ते फाटते, रक्ताची गुठळी धरते आणि धमनी काही मिनिटांत बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, फाटलेला थर त्यापूर्वी फार मोठा असतोच असे नाही. त्यामुळे जिना चढताना कधी छातीत न दुखलेल्या तरुणालाही अचानक झटका येऊ शकतो.

याला पुरावा काय?

पहिला पुरावा लहान मुलांचा. जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली मुलांच्या एका तापाचे वर्णन केले. त्यात प्रतिकारयंत्रणाच धमन्यांवर उलटते. उपचार न झाल्यास सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत हृदयाच्या धमन्या फुगतात आणि पुढे लहान वयातही झटका येऊ शकतो. दुसरा पुरावा ल्युपस या रोगाचा, ज्यात शरीर स्वतःवरच हल्ला करते. १९९७ साली अमेरिकेतील एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नासपटींहून अधिक आढळले. तिसरा पुरावा फ्लूचा. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट दिसला.

चौथा पुरावा सर्वांत स्पष्ट आहे. आधी झटका येऊन गेलेल्या व अंगात दाह असलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर एका औषधाचा प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला. औषधाने कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, फक्त दाह कमी झाला. तरीही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले.

येथेही मध्यम मार्ग

मात्र त्याच प्रयोगात जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले. पहारेकऱ्याला झोपविले की चोर शिरणारच. गाउटवरील कोल्चिसिन या जुन्या गोळीने २०१९ व २०२० च्या प्रयोगांत फायदा दाखविला, पण २०२४ च्या मोठ्या प्रयोगात तो दिसला नाही. म्हणून अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. तसेच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींच्या चूर्णांवर पगार उधळू नये. पहारेकरी झोपलेला नको आणि पिसाळलेलाही नको.

आपण काय करावे?

रोज रुतणारा काटा काढणे हाच खरा उपाय. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण बंद करावा. पाचवे शील केवळ वंदनेत म्हणण्यासाठी नाही. पोटावरची चरबीही दाह वाढविते, म्हणून रोज चालावे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण हिरड्यांचा दाह व हृदयविकार यांचा संबंध आढळला आहे. तिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासावे. वडिलांना ५५ पूर्वी किंवा आईला ६५ पूर्वी हृदयविकार झाला असेल, अथवा संधिवात, ल्युपस, सोरायसिस असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. फ्लूच्या लसीबद्दल विचारावे. मुलाला पाच दिवस ताप असून डोळे व ओठ लाल दिसले, तर वाट पाहू नये.

शेवटी एक दुःखद आठवण. आमच्या परिचयातील बेचाळीस वर्षांचा एक कार्यकर्ता जयंतीच्या आदल्या रात्री मंडप बांधीत होता. छातीत जळजळ व डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आम्हीच त्याला गॅस झाला असेल म्हणून सोडा आणून दिला. पहाटे तो गेला. त्याच्या दोन मुली आज अभ्यासिकेत येतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहताना आम्हाला तो सोड्याचा ग्लास आठवतो. छातीत दाब, घाम, धाप, जबडा वा हात दुखणे असे काही झाल्यास सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकास फोन करा आणि ताबडतोब इस्पितळ गाठा. प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

आजारी भिक्खूकडे कोणी लक्ष देत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुवून काढले, असे विनयपिटकात सांगितले आहे. आजाऱ्याची सेवा हा धम्मच आहे, आणि आजार येण्याआधी कारण दूर करणे ही त्याहून मोठी सेवा. प्रत्येक विहारात वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासणीचे शिबिर व्हावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम!