मर रोग आणि कडधान्यांचे स्वसंरक्षण

हरभऱ्याच्या शेतात रात्री स्वच्छ कापड पसरावयाचे आणि पहाटे दवाबरोबर त्यात उतरलेली आंब पिळून पोटदुखीवरील औषध म्हणून जपून ठेवावयाची, ही रीत ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. पानांवरील सूक्ष्म केसांतून स्रवणारी ही आंब म्हणजे मुख्यत्वे मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले होत. त्यांपैकी ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ रोखते. वनस्पती स्वतःचे रक्षण रसायनांनी करते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय. मुळांतील संरक्षण मात्र दृष्टीआड चालते.

तेथील वैरी म्हणजे मर रोगाची फ्युझेरियम बुरशी. ती मुळांतून जलवाहिन्यांत शिरून पाण्याचा मार्ग अडवते. जमिनीत ओल असूनही झाड सुकते. तुरीत हा प्रकार बहुधा फुलोऱ्याच्या व शेंगा धरण्याच्या वेळी, म्हणजे शेतकऱ्याचा बहुतेक खर्च होऊन गेल्यावर उघड होतो. पाण्याचा ताण समजून पाणी देणारेही आढळतात. अशा वेळी खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळी रेघ दिसल्यास मर रोगाचा संशय बळावतो. तुरीच्या खोडावर बुडाकडून वर चढणारा जांभळट पट्टाही दिसतो.

बुरशीचा शिरकाव होताच वनस्पती नव्याने काही विषारी द्रव्ये तयार करते, ही कल्पना म्युलर व बोर्गर यांनी १९४० साली बटाट्यावरील प्रयोगांवरून मांडली. या द्रव्यांना फायटोॲलेक्झिन म्हणतात. १९६० साली क्रुकशँक व पेरिन यांनी वाटाण्यातून पिसॅटिन वेगळे केले. हरभऱ्यात मेडिकार्पिन व माकियाइन, तर तुरीत केजानॉल ही अशी द्रव्ये होत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रोगाला बळी पडणारे वाणही ही द्रव्ये बनवते. परंतु उशिरा आणि अपुरी. मार्ले व हिलॉक्स यांच्या १९९३ च्या अभ्यासात मर-प्रतिकारक तुरीत केजानॉल अधिक वेगाने साठत असल्याचे आढळले. प्रतिकारशक्ती केवळ या द्रव्यांवर अवलंबून नसली, तरी वेळेचे महत्त्व त्यावरून कळते.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. वाटाण्यावर जगणाऱ्या एका फ्युझेरियमजवळ पिसॅटिन निकामी करणारे विकर आहे. शिवाय हरभऱ्यावरील बुरशीचे चार उपप्रकार भारतात असल्याचे हवारे व नेने यांनी १९८२ साली दाखविले. म्हणून एका जिल्ह्यात टिकलेले वाण दुसरीकडे टिकेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

वाळलेले झाड फवारणीने उठत नाही. उपाय पेरणीपूर्वीच करावयाचे असतात. बी.एस.एम.आर. ७३६ किंवा बी.डी.एन. ७११ यांसारखे तुरीचे, अथवा विजयसारखे हरभऱ्याचे वाण निवडावे. बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावा. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीत मर कमी राहते, हे प्रयोगांतही दिसले आहे. हरभऱ्यावरील बुरशी यजमान पिकाविना सुमारे सहा वर्षे जमिनीत तग धरते; तेव्हा एका वर्षाच्या फेरपालटावर विसंबून चालणार नाही. कोणत्या गटात मर आली आणि तेथे कोणते वाण होते, एवढी नोंद ग्रामपंचायतीने दरवर्षी ठेवली, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला पुढील हंगामाचे वाण सुचविणे सोपे जाईल.