घरच्या गंजात दालचिनीचा गोड पाव

तायांनो, दुकानातला पाव खमिराने फुगवलेला असतो. खमिराला वेळ लागतो, भट्टी लागते. आज शिकायचा पाव खायच्या सोड्यावर फुगतो. पीठ कालवलं की लगेच भाजायचं, दीड तासात काम होतं.

साहित्य सगळं घरातलंच आहे. कणीक २५० ग्रॅम, किसलेला गूळ १२५ ग्रॅम, आंबट दही १५० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, दूध लागेल तसं (साधारण अर्धा पेला), खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, दालचिनीची पूड २ छोटे चमचे, चिमूटभर मीठ. आणि मूठभर सुकी मोहफुलं, म्हणजे ५० ग्रॅम. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाचं नाव काढलं की लोकांना अजून दारूच आठवते. खरं तर हे गोड खाणं आहे. त्याचा उग्र वास काहींना नको वाटतो, तो दालचिनी झाकते.

दालचिनी, म्हणजे आपली कलमी, दोन जातींची येते. जाड, कडक, एकाच सालीची वळी स्वस्त असते. पातळ, अनेक पापुद्र्यांची, बोटाने मोडणारी महाग. चव दोन्हीची चालते. पण जाड सालीत कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. पावात घातलेल्या दोन चमच्यांनी काही होत नाही.

मोहफुलांतली माती आणि आतले तंतू काढून दोनदा धुवा, कोमट पाण्यात दोन तास भिजवा, पिळून चिरा. रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात फसफसायला लागतात. गूळ दह्यात विरघळवून तेल घाला. कणीक, सोडा, मीठ, दालचिनी वेगळी चाळून घ्या. मग दोन्ही एकत्र करा, दूध घालत भज्याच्या पिठाहून घट्ट ठेवा, शेवटी मोहफुलं घाला. इथे हात आवरा. जास्त घोटलं की कणकेला चिकटपणा येतो आणि पाव चिवट होतो. दह्याची आंबट आणि सोडा भेटले की वायूचे बुडबुडे लगेच सुटतात, त्याच बुडबुड्यांनी पाव फुगतो. पीठ कालवून बाई शेजारी गप्पा मारायला गेली की संपलं! सोडा वाढवून उपयोग नाही, साबणासारखी चव येते.

जाड बुडाच्या गंजात दोन बोटं मीठ पसरा, वर रिंग ठेवा, झाकून १० मिनिटं तापवा. तेल लावलेल्या डब्यात पीठ निम्म्याच्या थोडं वर भरा, आत ठेवा, मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका. काडी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे. चुलीवर करत असाल तर झाकणावर थोडे निखारे ठेवा, वरची बाजू पांढरी राहत नाही. पूर्ण थंड झाल्यावरच कापा. एका पावाचे १२ काप पडतात.

आता विक्रीचं. पीठ, गूळ, तेल सगळ्या मांडतात. जळण आणि स्वतःची मजुरी कुणीच मांडत नाही. समजा दोन गंजांत दोन पाव केले. साहित्य १२० रुपये, जळण २५, कागद १०, दोघींची मजुरी ८०. झाले २३५. काप २४, म्हणजे एक काप जवळजवळ १० रुपयांना पडतो. तो ८ रुपयांना विकला तर हातात १९२ येतात, ४३ रुपये घरचे जातात. एकच पाव भाजला तर काप १३ रुपयांवर जातो, कारण मजुरी तेवढीच राहते.

वर्तमानपत्रात बांधू नका, त्याची शाई खाण्यात उतरते. विकायला सुरुवात करण्याआधी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या, कागदपत्रांचं प्रभागसंघाच्या बैठकीत विचारा. पाकिटावर भाजल्याची तारीख लिहा. उन्हाळ्यात हा पाव दोन दिवसांच्या वर ठेवू नका.